माशांची माहिती असल्यास प्राधान्य

सोमवार, ४ मार्च

आज प्रयोगशाळेच्या दारावर माझ्याच जागेची जाहिरात लागली. कागदाचा एक कोपरा सुटून फडफडत होता. मी सवयीनं तो अंगठ्यानं दाबून नीट बसवला आणि मग वाचलं. स्वतःच्याच पायावर धोंडा इतका व्यवस्थित क्वचितच कोणी पाडून घेतला असेल.

माझं कंत्राट एप्रिलअखेर संपतंय. दर दोन वर्षांनी संपतं आणि दर दोन वर्षांनी वाढतं, म्हणून मी निवांत होतो. पण या वेळी संचालकबाई नव्या आहेत. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलंय: ‘अत्यावश्यक – प्रोग्रॅमिंगचा अनुभव. फोटोंवरून माहिती काढणारा प्रोग्रॅम उमेदवाराने परीक्षेस येताना सोबत आणावा. पदवी – विज्ञानाची कोणतीही शाखा.’ आणि तळाला बारीक अक्षरांत, ‘माशांची माहिती असल्यास प्राधान्य.’

असल्यास म्हणे! सोळा वर्षं मी इथं दुसरं केलं काय? माशाच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढा खडा असतो. तो पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आत एकात एक गोल कडी दिसतात, वर्षाला एक कडं. ती मोजून मी माशाचं वय सांगतो. कुठल्या माशाला यंदा जाळं लावायचं आणि कुठल्याला वाढू द्यायचं, हे त्यावरून ठरतं.

शेजारच्या खोलीत कीटकवाला बसतो. खडे बघून वय सांगतो म्हणून तो मला ‘जोतिषी’ म्हणतो. आज तो माझ्या मागे येऊन उभा राहिला, जाहिरात वाचली, आणि एकही विनोद न करता निघून गेला. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

बुधवार, ६ मार्च

दोन दिवस लपवलं, आज जेवताना सांगून टाकलं. आई म्हणाली, “तुला येतं का ते?”

“नाही.”

“मग शीक. घरात मास्तरीण आहे की.”

मास्तरीण म्हणजे ही, माझी बायको. ही एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि सध्या घरूनच काम करते. अकरा वर्षं मी हिच्या कामाला ‘बटणं दाबणं’ म्हणत आलोय. अडला हरी ही म्हण तोंडावर आली होती, पण ती पूर्ण म्हणून दाखवण्याइतका मी अजून वेडा झालेलो नाही.

“जाहिरात दाखव,” ही म्हणाली. दोनदा वाचली, मोबाइलवर तिचा फोटो काढून घेतला. “कोणतीही शाखा म्हणजे रसायनशास्त्रवालेसुद्धा?”

“सगळेच. उद्या बसचा ड्रायव्हरही येईल अर्ज घेऊन. माशाला कान असतात हेसुद्धा माहीत नसलेले लोक येतील.”

एक बरं आहे, हिची नोकरी पक्की आहे. माझं काही वाईट झालं तरी चूल बंद पडणार नाही. हे मी बोलूनही दाखवलं. ही ताटं उचलत राहिली. आईनं हिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आईला हल्ली फार बोलवत नाही. गुडघे दुखत असतील.

सोमवार, ११ मार्च

शिकवणी सुरू. एक कंस राहिला की पडद्यावर लाल ओळ येते आणि माझ्या पोटात गोळा उठतो. चौथीत गणिताच्या बाई मागून चालत यायच्या तेव्हा असाच उठायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी तोच गोळा, जागासुद्धा तीच.

“अरे, लाल म्हणजे तो रागावलेला नाही,” ही म्हणते. “कुठे अडलंय ते सांगतोय. वाच तरी आधी.”

वाचवतच नाही. घाबरून मी पडदाच बंद करतो. ही पुन्हा उघडते. हिच्याकडे इतका धीर आहे हे मला माहीत नव्हतं. मी आज अर्धी सुट्टी घेऊन दुपारी घरी आलो तर ही तेव्हाही शिकवायला बसली. म्हटलं, “ऑफिस?”

“सध्या काम कमी आहे.”

मजा आहे या कंपनीवाल्यांची. काम कमी, पगार पूर्ण.

शनिवार, १६ मार्च

एक आनंदाची गोष्ट लिहायची तर ही मला माशांबद्दल विचारायला लागली आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच! कान नेमका कुठे असतो, खडा काढतात कसा, कडं उन्हाळ्यात उमटतं की हिवाळ्यात, दोन माणसांची मोजणी जुळली नाही तर खरी कोणाची धरायची. आज तर वहीत लिहून घेत होती. मी म्हटलं, “अगं, तू कशाला लिहितेस? परीक्षा मला आहे.”

“समजल्याशिवाय शिकवू कशी?” ही म्हणाली. खाली मान घालून.

मला भरून आलं, खरंच. संकटात माणसं जवळ येतात म्हणतात ते खोटं नाही. पाण्यात पडल्यासारखं वाटतं दिवसभर, पण संध्याकाळी हिच्या शेजारी बसून बोललं की तेवढ्यापुरतं तळाला पाय लागतो.

गुरुवार, २१ मार्च

हिचा ऑफिसचा लॅपटॉप गेला. “परत मागितला,” ही म्हणाली. “नवीन देणार आहेत.” तोवर घरचा जुना आम्ही दोघं मिळून वापरतोय. तो मधेच रुसतो. दाराशेजारच्या खिळ्यावर हिचं ओळखपत्र लटकायचं, तेही दिसलं नाही. नवीन लॅपटॉपबरोबर नवीन ओळखपत्रही देत असतील. मोठ्या कंपन्यांचं सगळं असंच, टकाटक.

आमच्याकडे मी सोळा वर्षं एकच खुर्ची दुरुस्त करून वापरतोय, आणि तीसुद्धा आता जाणार.

आज आणखी दोन संस्थांच्या जाहिराती बघितल्या. एकीला जंगलाचा अभ्यासक हवाय, एकीला जुन्या हाडांचा. दोन्हीकडे पहिली अट प्रोग्रॅमिंगची. म्हणजे इथून घसरलो तर धरायला फांदीच नाही. जेवण गेलं नाही.

बुधवार, २७ मार्च

अर्ज दिला. कार्यालयातल्या लिपिकबाईंनी विचारलं, “तुम्हालाही द्यावा लागतो अर्ज?” त्यांचा हेतू चांगलाच होता. मी पोचपावतीवर शिक्का मारून मागितला.

मंगळवार, २ एप्रिल

जमलं! जमलं, जमलं!

हिनं सांगितलेली पद्धत अशी. प्रोग्रॅमला आधी खूप फोटो दाखवायचे आणि प्रत्येकाचं वय सांगायचं. मग तो स्वतःच काहीतरी शिकतो. मग न दाखवलेले फोटो द्यायचे आणि त्याला वय विचारायचं. मी कपाटातले जुने फोटो स्कॅन करून दिले, माझ्या सोळा वर्षांच्या मोजणीतले. आज न दाखवलेल्यांवर चालवून बघितला. सगळे बरोबर! एकही चूक नाही. लाल ओळ नाही. मी खुर्चीतून उठून आईला मिठी मारली. ती म्हणाली, “अरे चष्मा, माझा चष्मा!”

ही उठली नाही. पडद्याकडे बघत बसली होती. “सगळे बरोबर?” म्हणाली. “एकही नाही चुकला?”

“एकही नाही.”

“मग काहीतरी चुकलंय.”

घ्या! चुकलं तर चुकलं म्हणून रडायचं, बरोबर आलं तर बरोबर का आलं म्हणून रडायचं. मला हसू आलं. शेवटी ही पक्की कंपनीवाली. तिथं चूक सापडली नाही तर पगार कशाचा देणार?

बुधवार, ३ एप्रिल

सकाळी ही फोटो मोठे करून बघत होती. “हे लाल ठिपके कसले?”

मी सांगितलं. ती आमच्या प्रयोगशाळेची रीतच आहे. मोजताना प्रत्येक कड्यावर एक लाल ठिपका द्यायचा, म्हणजे दुसऱ्याला तपासता येतं. आमचे जुने सर म्हणायचे, ठिपका नाही तर वय नाही. सोळा वर्षांत मी बिनठिपक्याचा एकही फोटो कपाटात ठेवलेला नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

“आणि परीक्षेला फोटो कोण देणार?”

“संचालकबाई.”

“तू ठिपके नसलेले फोटो देऊन बघितलेस का?”

मी चिडलो. महिनाभर जीव टांगणीला लावून एक गोष्ट धड झाली, तर लगेच खुसपट! म्हटलं, “आता कृपा करून खोड काढू नकोस. माझी हिंमत घालवू नकोस.” ही म्हणाली, “अरे, माझं ऐकून तरी घे.” मी म्हटलं, “परीक्षेनंतर ऐकतो.” आणि चप्पल घालून बाहेर पडलो.

चौकापर्यंत जाऊन परत आलो. तोवर हिनं लॅपटॉप मिटून ठेवला होता. मी विषय काढला नाही, हिनंही काढला नाही.

सोमवार, ८ एप्रिल

उद्या परीक्षा. सकाळपासून तीनदा शर्टाला इस्त्री केली. आई म्हणते, “देवानं जे लिहिलंय ते होईल,” आणि मला वाटतं, देवालाही प्रोग्रॅमिंग येत असेल तर माझी काही खैर नाही.

चहा पिताना ही म्हणाली, “मला तुला एक सांगायचंय. दोन गोष्टी आहेत.”

“आज नको गं. माझ्या डोक्यात आता सुईसुद्धा मावणार नाही.”

“आजच सांगायला हवं.”

“उद्या संध्याकाळी. शपथ. हवं तितका वेळ बोल.”

हिनं कप खाली ठेवला. मग आईच्या खोलीत गेली. बराच वेळ दोघींचं हळू आवाजात चाललं होतं. आईचा आवाज एकदाच मोठा झाला, “तो ऐकत नसेल तर तू काय करशील बाई!” टीव्हीच्या आवाजाबद्दल असणार. आईचा टीव्ही हल्ली मी सारखा बंद करायला लावतो.

मंगळवार, ९ एप्रिल

लिहवत नाही, पण लिहितो.

पंधरा-सोळा उमेदवार. आवारात टोळक्यानं उभे, हसत होते, सगळे माझ्या निम्म्या वयाचे. एकेकाला आत बोलवत होते. माझा नंबर तिसरा. बाईंनी नवे फोटो दिले. स्वच्छ, सुंदर फोटो, कडी अशी ठसठशीत. मी प्रोग्रॅम चालवला.

शून्य. पुढचा, शून्य. त्याच्या पुढचा, शून्य. सगळे मासे आजच जन्मलेले.

लाल ओळ आली नाही. ती आली असती तर बरं झालं असतं, कुठे अडलंय ते तरी कळलं असतं. बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमचा प्रोग्रॅम फोटोत नेमकं काय बघतो?”

आणि तेव्हा मला कळलं. तो खडा बघतच नव्हता. कडी बघतच नव्हता. तो माझे ठिपके मोजत होता. सोळा वर्षं मी त्याच्यासाठी उत्तरं लिहून ठेवली होती, लाल शाईत.

“ठिपके,” मी म्हणालो. मग पुढे वाकून म्हणालो, “पण हा मासा सात वर्षांचा आहे, बाई. मी डोळ्यांनी सांगतो.”

“तुम्हाला सांगता येतं हे मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. “पण दरमहा दहा हजार खडे येणार आहेत. डोळे पुरणार नाहीत.”

बाहेर आलो. व्हरांड्यात खुर्च्यांची रांग होती आणि रांगेतल्या पहिल्याच खुर्चीवर ही बसली होती! निळा कुर्ता, मांडीवर पिशवी. मला न्यायला आली. मी काही न सांगता हिला कळलं की माझं काय होणार आहे, आणि ही मला न्यायला आली. माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हणालो, “बरं झालं आलीस.”

ही उठून उभी राहिली. काही बोलणार तेवढ्यात शिपाई दारातून म्हणाला, “पुढचा उमेदवार. नंबर चार.”

हिनं पिशवीतून घरच्या जुन्या लॅपटॉपचा चार्जर काढला, माझ्या हातातला लॅपटॉप घेतला आणि आत गेली.

बुधवार, १० एप्रिल

काही नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

आज बोलणं झालं. आधी आईनं सांगितलं, मग हिनं. हिची नोकरी फेब्रुवारीतच गेली. एका सकाळी बारा जणांना एकदम काढलं. त्याच संध्याकाळी ही मला सांगणार होती, पण मी कंत्राटाच्या नूतनीकरणाचं काहीतरी बोलत होतो म्हणे. मग जाहिरात लागली.

“मला वाटलं, तुला कळलं तर तू कोसळशील,” ही म्हणाली. “तू रोज म्हणत होतास, हिची नोकरी आहे म्हणून बरं. कुठल्या तोंडानं सांगू?”

“आणि अर्ज? तोसुद्धा माझ्याच जागेसाठी?”

“घरात एकाला तरी मिळायला हवी होती. दोघांनी अर्ज केला तर शक्यता वाढते. हिशेब साधा होता.”

“हिशेब!” मी ओरडलो. “मी नवरा आहे तुझा, शक्यता नाही!”

आई आतून म्हणाली, “हळू बोल. शेजारी ऐकतील.”

परीक्षेत हिनं त्याच लॅपटॉपवरचा स्वतःचा प्रोग्रॅम दाखवला होता, ठिपके पुसलेल्या फोटोंवर शिकवलेला; निम्मी वयं चुकली, पण तो काय बघतो ते हिला सांगता आलं. मग मी जे विचारायला नको होतं ते विचारलं. “ठिपक्यांचं तुला कळलं होतं. का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं,” ही म्हणाली.

“एकदा! धड सांगितलंस का?”

“एकदा सांगितलं. पुन्हा सांगू शकले असते, पण सांगितलं नाही. मलाही भीती वाटत होती. तुला काय वाटलं, ती फक्त तुलाच वाटते?”

या वहीची मागची पानं मी उलटलेली नाहीत. तिथं काय लिहिलंय ते मला माहीत आहे.

शुक्रवार, १९ एप्रिल

हिची निवड झाली.

निरोप आला तेव्हा ही न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. आईनं दोन कप चहा केला, एक माझ्यापुढे ठेवला, एक न्हाणीघराच्या दाराशी जमिनीवर. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “अभिनंदन.” माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. ही म्हणाली, “नको ना म्हणूस.”

कीटकवाला भेटला. “काय जोतिष्या, जगाचे खडे बघितलेस, घरातलं ग्रहमान नाही बघितलंस?” आणि लगेच खांद्यावर हात ठेवला. त्याचंही कंत्राट पुढच्या वर्षी संपतंय. त्याच्या टेबलावर प्रोग्रॅमिंगचं जाडजूड पुस्तक दिसलं, वर्तमानपत्राखाली झाकलेलं.

मला राग येत नाही, असं मी दिवसभर स्वतःला सांगतोय. भीती वाटते. घराची गाडी चालेल, त्याची नाही. मी सकाळी उठून कुठे जायचं? कोण मला काय विचारणार? आणि हिच्याशी मी आता काय बोलायचं, ज्यात खडे नाहीत आणि कंस नाहीत?

मंगळवार, ३० एप्रिल

शेवटचा दिवस. कपाटाच्या किल्ल्या लिपिकबाईंकडे दिल्या. “उद्या ज्या येतील त्यांना देते,” त्या म्हणाल्या, आणि कोण येणार ते आठवून गोऱ्यामोऱ्या झाल्या.

घरी आलो तर ही जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली. बाईंनी पाठवलेले नवे फोटो, बिनठिपक्यांचे. हिचा चेहरा उतरला होता. “मला यात काही दिसत नाही रे,” म्हणाली. “प्रोग्रॅम मी लिहीन, पण त्याला खरं वय आधी कुणीतरी सांगायला हवं. उद्या बाई विचारतील. मी बरोबर सांगतेय की चूक, हेच मला कळणार नाही.”

मी शेजारी बसलो. हिनं बोट ठेवून मोजलं. हळूहळू, आतून बाहेर.

“आठ. बरोबर?”

सात होती. हिनं अगदी मधलं कडं धरलं होतं. नवा माणूस नेमका तिथंच चुकतो. मार्चमध्ये हिनं मला सगळं विचारलं होतं, पण हे विचारलं नव्हतं, कारण हे विचारायचं असतं हेच नव्या माणसाला माहीत नसतं. मी सांगितलं नाही तर ही उद्या आठ म्हणेल. परवाही आठ म्हणेल. दहा हजार खड्यांना ही एक वर्ष जास्त लावेल, प्रोग्रॅम तेच शिकेल, आणि केव्हा तरी बाई विचारतील की तुमचा प्रोग्रॅम नेमकं काय बघतो.

मी गप्प बसलो. आणि गप्प बसणं किती सोपं असतं ते मला पहिल्यांदा कळलं. खोटं बोलावं लागत नाही, हातही हलवावा लागत नाही. ही माझ्याकडे बघत होती. जाहिरात लागल्या दिवसापासून मी खूप गोष्टींना घाबरलो, पण त्या क्षणी मला माझीच जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच वाटली नव्हती.

“बरोबर?” हिनं पुन्हा विचारलं. “अरे, बोल ना काहीतरी.”

“सात,” मी म्हणालो. “सगळ्यात आतलं धरायचं नाही. ते खोटं कडं असतं. पिल्लू उथळ पाण्यातून पहिल्यांदा खोल पाण्यात उतरतं ना, तेव्हा घाबरतं. काही दिवस खात नाही, वाढत नाही. त्याची खूण राहते. ते वर्ष नसतं, नुसती भीती असते.”

“पण दिसतं तर अगदी तसंच. ओळखायचं कसं?”

“बोट ठेवून फिरव. खरं कडं पूर्ण गोल फिरतं. हे फिरत नाही.”

हिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि त्या कड्यावरून सावकाश फिरवत नेलं. अर्ध्याहून थोडं पुढे जाऊन बोट थांबलं.

“इथं तुटलं,” ही म्हणाली.

“हं. आता पुढचा फोटो घे.”